ठकूची आगटी

थांबा दादा, काडी एवढ्यात ओढू नका. माझी सून झऱ्यावरून पाण्याचा हंडा घेऊन येते आहे. तो इथे कडेला टेकला की मग खुशाल पेटवा. तंबू ठोकायला, फोटो काढायला तुम्हाला अख्खी दुपार मिळाली, तेव्हा एकाच्याही तोंडून पाण्याचं नाव निघालं नाही आणि आता अंगात हुडहुडी भरल्यावर सगळ्यांना एकदम घाई. बसा जरा. वाऱ्याकडे पाठ करून बसा, म्हणजे धूर डोळ्यांत जाणार नाही आणि ठिणगी उडाली तरी तुमच्या त्या भारी जाकिटावर पडणार नाही.

हे दगडांचं कडं बघितलंत? याला आम्ही ठकूची आगटी म्हणतो. आत नुसता कातळ आहे. बाहेरही बैलगाडी फिरेल एवढ्या रुंदीत गवताची काडी सापडायची नाही. दसरा झाला, गवत पिवळं पडायला लागलं की वस्तीवरची माणसं खुरपी घेऊन येतात आणि हा पट्टा खरवडून काढतात. डोंगरमाथ्यावरच्या या सपाट रानाला आम्ही सडा म्हणतो. हा सडा केवढा पसरलेला आहे ते तुम्ही चालून आलात तेव्हा पाहिलंच. पण आग पेटायची ती इथे, या कड्यात. दुसरीकडे कुठे कोणी पेटवली तर वस्तीवरची लहान पोरंसुद्धा जाऊन त्याला चार शब्द सुनावतात.

मघाशी तुमच्यातल्या ताईंनी ओढ्यातले छान गुळगुळीत गोटे उचलून आणले होते, ते मी परत टाकायला लावले. राग मानू नका. ओढ्यातल्या दगडाच्या पोटात पाणी मुरलेलं असतं. तो तापला की फटकन फुटतो आणि त्याची ढलपी कोणाच्या डोळ्यात जाईल याचा नेम नाही. हे जे दगड मांडलेत ते सड्यावरचेच आहेत, ऊन खाऊन खाऊन कोरडे ठणठणीत झालेले. आणि ते पहिल्यांदा कोणी मांडले, ते तर ऐकण्यासारखं आहे. हंडा येईपर्यंत तेच सांगतो.

माझं नाव शिरपा ढेबे. आम्ही इथले गवळी धनगर. माझ्या आजीने मला ही गोष्ट सांगितली, तिला तिच्या सासूने सांगितली. मी तुमच्यासारख्यांना घेऊन या सड्यावर इतकी वर्षं येतो आहे की ती सांगून सांगून माझ्या जिभेला वळण पडलंय. पण पाणी यायच्या आत सांगायची हाच नेम आहे.

फार जुना काळ. काडीपेटी नव्हती. चकमकीने ठिणगी पाडता यायची, पण पावसाळ्यात कापूस दमट व्हायचा आणि मग माणूस हात दुखेपर्यंत दगड आपटत बसायचा. त्यामुळे एकदा पेटलेली आग जपायची, अशी रीत होती. चुलीतला निखारा रात्री राखेखाली झाकायचा, सकाळी फुंकर घालून जागा करायचा. आणि नुसती सोय म्हणूनच नाही हं. आमची देवी सडजाई. तिच्या देवळातला निखारा आणून वस्तीची पहिली चूल पेटली, असं सांगतात. म्हणून आग म्हणजे देवीची लेक, आपल्या घरी राहायला आलेली. तिच्यावर पाणी ओतायचं म्हणजे तिला मारायचं. असं पाप कोण करणार? आजही आमच्या घरात चुलीत पाणी ओतलेलं म्हातारीला चालत नाही, तोंडाचा पट्टा सुरू होतो.

दुसरी एक गोष्ट तितकीच पक्की होती. आगीत दूध सांडू द्यायचं नाही. दूध उतू जाऊन चुलीत पडलं की म्हशीची कास आटते, अशी आमच्या लोकांची समजूत. दूध तापत असलं की बाई चुलीपासून हलायची नाही, बाहेर वाघ आला असं कोणी ओरडलं तरी.

आता सड्यावर काय चालायचं ते सांगतो. पावसाळा सरला की इथलं गवत कापायचं आणि वाळवून त्याच्या गंज्या रचायच्या, तिकडे दरीच्या बाजूला. उन्हाळ्यात रान करपतं, तेव्हा म्हशी त्या गवतावर जगायच्या. गंज्या खायला रात्री गवे यायचे, रानडुकरं यायची, म्हणून वस्तीवरचे बाप्ये पाळीपाळीने राखणीला बसायचे आणि शेकोटी करायचे. सकाळ झाली की घरी जाताना त्या शेकोटीवर राख ओढायची, वर शेणाच्या गोवऱ्या ठेवायच्या आणि हात जोडून निघायचं. संध्याकाळी दुसरा आला की गोवरी उचलायचा, खाली निखारा तयार.

घरातल्या चुलीला हे ठीक आहे. चार भिंती असतात, डोक्यावर छप्पर असतं. इथे वारा कसा वाहतो ते तुम्हाला तंबू ठोकताना कळलंच असेल. दरसाल हिवाळ्यात सड्याचा एखादा तुकडा जळायचाच. लोक धावत यायचे, फांद्यांनी झोडपून आग थोपवायचे आणि मग नारळ फोडून म्हणायचे, आईने आपला वाटा घेतला. निखारा आपण ठेवतो, राख वारा उडवतो आणि गवत आपलं जळतं, एवढी साधी गोष्ट कोणाला दिसत नव्हती. दिसत नव्हती म्हणजे काय, हात जोडून ठेवलेल्या वस्तूवर संशय घ्यायचा तरी कोणी?

त्या काळी वस्तीचा म्होरक्या होता कोंडू. मोठा देवभोळा आणि सरळ माणूस. त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. ठकू ही त्याच्या पुतण्याची बायको. खालच्या खोऱ्यातून लग्न होऊन आलेली, अंगाने किडकिडीत, कामाला वाघीण. नवरा नवलू अबोल. सासू बायजा मात्र बोलायला खमकी. ठकूला पहिलीच मुलगी झाली होती, अंगावर पिणारी. वस्तीचं सगळं दूध सकाळी घाट उतरून खालच्या गावात न्यायचं काम तिच्याकडे होतं. दुधाच्या बदल्यात गावातून नाचणी आणि मीठ यायचं, त्यावर वस्तीचं पोट चालायचं.

त्या साली पाऊस लवकर उघडला होता. गवत बेताचंच झालं. एरवी गंज्या विखरून रचत, त्या साली राखण सोपी पडावी म्हणून सगळ्या एका जागी रचल्या. पौषातल्या एका सकाळची गोष्ट. आदल्या रात्री राखणीला स्वतः कोंडू होता. सकाळी त्याने नेहमीप्रमाणे, किंबहुना नेहमीपेक्षा जास्त भक्तीने, शेकोटी झाकली, नमस्कार केला आणि घरी गेला.

थोड्या वेळाने ठकू दूध घेऊन निघाली. डोक्यावर हंडा, कमरेवर चरवी. घाटाची वाट तेव्हाही इथूनच जायची. ऊन वर आलं होतं आणि वारा सुटला होता. इथे येऊन बघते तर गोवऱ्या लाल झालेल्या, राख केव्हाच उडून गेलेली आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर ठिणग्या गवतात पडतायत. गवताने पेट घेतला होता. मोठा जाळ नव्हता अजून. काळी कड हळूहळू पुढे सरकत होती, सरळ गंज्यांच्या दिशेने.

तिने हंडा-चरवी कातळावर ठेवली, करवंदीची एक डहाळी ओरबाडली आणि झोडपायला लागली. जळती कड तिने थोपवली म्हणे. हाताला काटे लागले, लुगड्याचा काठ जळाला, पण थोपवली. वळून बघते तर मागे शेकोटीतून नव्या ठिणग्या. पुन्हा झोडपलं. पुन्हा नव्या. माती टाकावी तर कातळावर माती किती असणार, मूठभर. ओरडली, पण वस्ती दरीच्या आड आणि वारा उलटा. झरा खाली, तुम्ही आत्ता बघताय ना, माझी सून केव्हाची गेली आहे आणि अजून आली नाही. तेवढ्यात गंज्यांनी पेट घेतला असता. गंज्या गेल्या म्हणजे उन्हाळ्यात म्हशी गेल्या आणि म्हशी गेल्या की वस्ती उठली.

जवळ ओलं असं एकच होतं.

ती किती वेळ उभी राहिली असेल, ते कोणी सांगत नाही. माझी आजी एवढंच म्हणायची, "तिनं आधी डोंगराकडं हात जोडलं, आन् मग लेकीचं नाव घेतलं." मग तिने हंडा उचलला आणि वस्तीचं दूध शेकोटीत ओतलं.

मोठा फुत्कार झाला, वाफ उठली. वरून सगळं काळं पडलं. पण ठकू चुलीपाशी वाढलेली बाई. वरून काळं पडलेला निखारा पोटात लाल असतो, हे तिला ठाऊक होतं. तिने काठीने ढवळलं. खाली लाल होतंच. मग चरवीतलं निम्मं ओतलं, पुन्हा ढवळलं, गोवऱ्या फोडल्या, जळकी लाकडं उलटी केली. मग राखेवर उलटा हात धरून बघितला. अजून धग लागत होती. उरलेलं दूधही ओतलं आणि लेकराला थोपटावं तसं म्हणत राहिली, "नीज बाय, नीज आता. कुणी मारीत न्हाय तुला. नीज." शेवटी सगळं गार झालं तेव्हा तिने तळहात पूर्ण राखेत दाबला. कोपरापर्यंत हात माखला. आणि मग खाली बसून रडली म्हणे, कारण आपण काय केलं ते तिला तेव्हा उमगलं.

धुराचा वास वस्तीपर्यंत गेला होता. माणसं धावत वर आली. सगळ्यांत पुढे कोंडू. त्याने गंज्या पाहिल्या, त्या जागच्या जागी होत्या. मग त्याने शेकोटी पाहिली. राखेचा लगदा झालेला, त्यावर दुधाची साय करपून चिकटलेली आणि जळक्या दुधाचा तो वास. शेजारी रिकामा हंडा. 

"पोरी, काय केलंस ह्ये?" तो म्हणाला.

"मामा, गंज्या पेटत हुत्या. पानी न्हवतं."

"गवात जळलं असतं तर पुन्यांदा उगवलं असतं गं. म्हशी आटल्या तर काय करशील? देवीची लेक मारलीस, आन् ती बी दुधानं."

 आता गोष्ट ऐकताना कोंडूचा राग येतो, मला पण लहानपणी यायचा. पण तो माणूस खोटं वागत नव्हता. तो भ्याला होता. एवढ्या घरांची भाकरी म्हशीच्या कासेत होती आणि तो सगळ्यांचा म्होरक्या होता. त्याने तिथेच निकाल दिला. संध्याकाळी म्हशींचं दूध काढायचं. दूध आटलं असेल तर ठकूने वस्ती सोडायची, परत पाऊल टाकायचं नाही. लेक नवलूची, म्हणजे वस्तीची, ती इथेच राहणार. आणि निकाल लागेपर्यंत ठकूने तो राखेचा हात पाण्याला लावायचा नाही, धान्याला लावायचा नाही, चुलीला आणि माणसाला लावायचा नाही.

नवलूने मान खाली घातली. काकाच्या पुढे त्याची छाती झाली नाही. मला विचाराल तर या गोष्टीत मला राग येतो तो त्याचाच.

ठकू घरी आली आणि अंगणात बसली. मुलगी भुकेने रडायला लागली. हात लावायचा नाही, मग पाजायचं कसं? सासू बायजाने नातीला उचललं, सुनेच्या पुढ्यात बसली आणि मुलीला स्वतःच्या हातांनी तिच्या छातीशी धरलं. ठकूने राखेचा हात पाठीमागे धरला होता. असं पाजलं तिने. माझी आजी हे सांगताना हटकून थांबायची आणि पदराने डोळे टिपायची. तिने ठकूला पाहिलेलं नव्हतं, तिच्या आजीनेही नसेल, तरी टिपायची.

संध्याकाळ झाली. सकाळच्या धुराने म्हशी बिथरल्या होत्या, रानात फुटल्या होत्या, त्यांना गोळा करता करता अंधारायला आलं. वस्तीचा नेम असा की पहिली धार कोंडूच्या भोरी म्हशीची काढायची. भोरी सगळ्यांत जुनी, तिच्या मागे बाकीचा कळप चालायचा आणि तिचं पहिलं दूध सडजाईला जायचं. कोंडूची बायको चरवी घेऊन बसली. सड ओढले, थोपटलं, गोंजारलं. भोरीने पान्हा चोरला. थेंब आला नाही. दुसरी म्हैस बघितली, तीही तशीच लाथा झाडायला लागली.

सगळी वस्ती ठकूकडे बघत होती. ती उठली, घरात न शिरता बाहेरूनच तिने नवऱ्याकडे आपलं लुगडं मागितलं आणि डाव्या हाताने गाठोडं बांधायला लागली. डाव्या हाताने गाठ बसेना.

तेव्हा बायजा पुढे झाली. "भावजी," ती कोंडूला म्हणाली, "भेदरल्यालं जनावर पान्हा चोरतंच. ह्ये मी तुमास्नी सांगाया पायजे व्हय? उद्याची सकाळची धार बगा. मग माझ्या सुनेला काडा. आन् तिला काडलीत तर मी बी चालले तिच्यासंगं, नातीला घिऊन. आडवा मग मला."

कोंडू म्हणाला, "सकाळपातूर."

सकाळ झाली. थंडी अशी की म्हशींच्या नाकातून वाफा निघत होत्या. सगळी माणसं कोंडूच्या गोठ्यापुढे जमली. ठकू कुडाबाहेर, गोठ्याच्या काटक्यांच्या बुटक्या भिंतीबाहेर उभी होती, आत यायला तिला मनाई होती. गाठोडं पायाशी, राखेचा हात अंगापासून लांब धरलेला. ती राख आता वाळून हाताला घट्ट बसली होती. मुलगी बायजाच्या कडेवर झोपली होती.

कोंडूची बायको भोरीपाशी बसली. भोरी जागची हलायला लागली. पाय बदलू लागली. दाव्याला हिसके द्यायला लागली आणि मान वळवून वळवून कुडाकडे बघायला लागली. कोंडूने कपाळाला हात लावला. तेवढ्यात भोरीने आणखी एक हिसका दिला आणि दावं तुटलं. ती सरळ कुडाकडे गेली, वरून मान बाहेर काढली आणि ठकूचा तो राखेचा हात चाटायला लागली.

ठकूने हात मागे घेतला नाही. घेता आला असता की नाही कोण जाणे. भोरी मनगट चाटते, बोटं चाटते, तळवा चाटते, खरखरीत जीभ लावून. आणि चाटता चाटता तिला पान्हा फुटला. कोणी सडाला हात लावलेला नाही आणि दूध आपोआप ठिबकायला लागलं, खालच्या शेणावर पडायला लागलं. कोंडूची बायको ओरडली, चरवी घेऊन धावली. भोरी तशीच उभी राहिली, चाटत. चरवी भरली. मागोमाग बाकीच्या म्हशींनीही दूध सोडलं.

काही लोक सांगतात की भोरीच्या तोंडून त्या वेळी सडजाई बोलली, "माझी लेक निजलीय, मेली न्हाय" असं म्हणाली. मी तसं सांगत नाही. माझी आजीही सांगत नसे. गेल्या साली गुरांचा डॉक्टर लस टोचायला आला होता, त्याला मी ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "बाबा, राखेत खार असतो, जनावरं चाटतातच." मग म्हशीचा पान्हा कसा फुटतो तेही त्याने मला नीट समजावून सांगितलं. खरं असेल त्याचं. त्यामुळे देवी कमी झाली असं काही मला वाटत नाही. तिला जे म्हणायचं होतं ते ती म्हशीकडून म्हणाली, एवढंच.

 कोंडूने भोरीच्या दुधाची चरवी बायकोच्या हातातून घेतली. ते दूध सडजाईचं. सगळ्यांना वाटलं, तो देवळाकडे निघाला. तो कुडाबाहेर आला आणि त्याने ती चरवी ठकूच्या पुढे धरली. वस्तीचा म्होरक्या, पांढरे केस, आणि पुतण्याच्या बायकोपुढे मान खाली.

ठकू म्हणाली, "मामा, हात धुतल्याला न्हाय."

"धुऊ नगंस," कोंडू म्हणाला. "ह्याच हातानं घे. निखारा मी ठिवला हुता, पोरी. राखीचा हात माझा पायजे हुता."

तिने घेतलं. एका दमात प्यायली म्हणे, ओठावरून ओघळ गळ्यापर्यंत गेला. मग बायजाने नातीला तिच्या हातात दिलं आणि मुलीच्या अंगड्यावर राखेचा पंजा उमटला. ते अंगडं बायजाने मरेपर्यंत जपलं, असं सांगतात.

त्याच दिवशी कोंडू एकटा सड्यावर आला. खुरपं घेऊन गुडघ्यावर बसला आणि त्या शेकोटीच्या चहूबाजूंचं गवत मुळापासून खरवडून काढायला लागला. दुपारी नवलू आला आणि शेजारी बसून खरवडायला लागला. त्याच्यावरचा माझा राग इथे थोडा कमी होतो. मग बाकीचे आले. कोंडूने दगड निवडले, एकेक उचलून आणला आणि हे कडं मांडलं. त्याने सांगितलं, इथून पुढे सड्यावर आग पेटेल ती फक्त या आगटीत. आधी पाणी येईल, मग काडी. लहान पेटेल, माणसाच्या गुडघ्याच्या वर जाळ नको. आणि ती झाकून कोणी जाणार नाही. ज्याने पेटवली त्यानेच तिला निजवायची, पाणी घालून, ढवळून, परत पाणी घालून, आणि राखेत तळहात टेकवता आला तरच पाठ वळवायची. हात टेकवता येत नसेल तर आग निजलेली नाही, आणि आग निजलेली नसेल तर माणसाने घरी जायचं नाही.

लोकांना शब्दाची अडचण होती. आग मारायची कशी? कोंडू म्हणाला, "ठकूनं मारली न्हाय. निजवली." तेव्हापासून आमच्यात आग विझवणं असं कोणी म्हणत नाही. घरच्या चुलीतला निखारा मात्र आम्ही झाकतोच. घराची रीत घराला आणि सड्याची सड्याला.

ठकू पुढे पुष्कळ जगली. म्हातारपणी ती या आगटीशी येऊन बसायची आणि राखणीच्या बाप्यांना तोंडावर विचारायची, हात दाखवा. बाप्ये निमूट दाखवायचे. त्यानंतर सडा जळला नाही असं मी म्हणणार नाही. वीज पडून जळला आहे, खालून वणवा चढून आला आहे, मी स्वतः झोडपायला गेलो आहे. पण आमच्या वस्तीच्या हातून तो पुन्हा जळला नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो, आणि सांगताना मला बरं वाटतं.

आला बघा हंडा. ठेव गं इकडे, यांच्या हाताला येईल असा. आता ओढा काडी, दादा. लाकडं मी मांडून ठेवली आहेत, खाली बारीक काटक्या, वर जाड, सगळी आपोआप पडलेली, एकही तोडलेली नाही. रॉकेल नको, कागदी ताटं नकोत, त्या प्लास्टिकच्या पिशव्या तर अजिबात नकोत, देवीच्या लेकीला असलं खाऊ घालू नये. तो झाडाखालचा तंबू मात्र आणखी थोडा मागे घ्या, ठिणगी उडते तिकडेच आहे तो. मग गा, नाचा, रताळी भाजा, ते तुमचे पांढरे मऊ गोळे भाजा, मला एक द्या. आम्ही आगीपाशी सुतकी चेहरे करून बसत नाही. ठकूलाही हसायला आवडायचं म्हणे.

फक्त झोपायला जाताना तंबूत घुसायच्या आधी इथे या. पाणी घाला, ढवळा, परत घाला. आधी राखेवर उलटा हात धरून बघा, धग लागत नसेल तरच तळहात टेकवा. "नीज बाय" म्हणायचं की नाही ते तुमच्यावर. शहरातले बरेच लोक लाजतात, हळूच म्हणतात, आणि मी ऐकलं नाही असं दाखवतो. आणि एवढी एक गोष्ट माझ्यासाठी करा, तो हात सकाळपर्यंत धुऊ नका.

कारण आजही आमच्या वस्तीवर सकाळची पहिली धार देवीला जात नाही. ती कोंडूने त्या दिवशी देवीऐवजी ठकूला दिली, ती दिलीच. उजाडलं की माझी सून चरवी घेऊन इथे येईल. तुम्ही कोण, कुठले, कुठल्या जातीचे, हे ती विचारणार नाही. सगळ्यांचे हात बघेल, आणि ज्याचा राखेने माखलेला असेल, त्याच्या हातात दूध देईल.